मेलबर्नच्या म्युझियममधला घोडा फार लॅप: त्याला कोणी मारलं?

आजी_मेलबर्नात

नमस्कार मंडळी. सध्या मुलीकडे मेलबर्नला आले आहे. नातवाला डायनोसॉर दाखवायला इथल्या म्युझियममध्ये नेलं, तर तो अडकला एका घोड्यापाशी. मंद उजेड, मधोमध मोठी काचेची पेटी आणि आत तांबूस रंगाचा उंच घोडा उभा. पुतळा नव्हे, खऱ्या कातड्याचा. पायांवरच्या शिरासुद्धा दिसतात. नाव फार लॅप. १९३२ साली अमेरिकेत मेला, असं पाटीवर लिहिलं आहे.

मला नवल वाटलं ते बघणाऱ्यांचं. डायनोसॉरपाशी मुलं आरडाओरडा करत होती, इथे मात्र सगळे हळू आवाजात बोलत होते. एक म्हातारे गृहस्थ आपल्या नातीला सांगत होते की त्यांच्या वडिलांनी या घोड्याला धावताना पाहिलं होतं. सांगताना त्यांचा आवाज भरून आला.

कोणीतरी 'विष' म्हणालं ते नातवाने नेमकं ऐकलं. तेव्हापासून एकच धोशा लावला आहे, "आजी, त्याला कोणी मारलं?" जावई म्हणतो गुंडांनी. शेजारच्या बाई ठासून सांगतात, अमेरिकनांनी. मला यातलं काही कळत नाही. आमच्या घरात रेस हा शब्द उच्चारलेला चालत नसे, कारण वडिलांच्या एका स्नेह्यांनी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर जाऊन राहतं घर घालवलं होतं. त्यामुळे पैजेच्या घोड्यावर एका देशाने इतका जीव का टाकावा, हे मला खरंच समजून घ्यायचं आहे. कोणी जाणकार आहे का इथे?

दादरचा_जुना_रेसगोअर

ताई, विषच. १९३० मध्ये मेलबर्न कपच्या, म्हणजे तिथल्या सगळ्यात मोठ्या शर्यतीच्या, तीन दिवस आधी त्याच्यावर भर रस्त्यात गोळी झाडली होती. हा घोडा जिंकला की बुकींचं दिवाळं वाजायचं. एकदा गोळी चुकली, दुसऱ्यांदा विष घातलं. हिशेब सरळ आहे. आमच्या वेळी महालक्ष्मीच्या स्टँडमध्ये जुने लोक हेच सांगायचे.

पहाटचा_स्वार

काकू, नमस्कार. माझे वडील पुण्याच्या रेसकोर्सवर मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे, होते. मीही तिथेच पहाटे घोडे फिरवायला शिकलो, आणि आता इथे व्हिक्टोरियात एका तबेल्यात तेच काम करतो. इथल्या ट्रॅकवर पहाटे आपली पुण्यामुंबईची बरीच पोरं भेटतात. या घोड्याबद्दल मला मिळेल ते मी वाचत आलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. दादरचे काका म्हणतात ती गोळी खरी आहे. पुढचा हिशेब मला पटत नाही, पण तो नंतर. आधी घोडा कोण होता ते सांगतो.

४ ऑक्टोबर १९२६ ला न्यूझीलंडमध्ये तिमारू गावाजवळच्या सीडाउनला त्याचा जन्म झाला. बाप नाइट रेड, आई एन्ट्रीटी. मैदानावर दोघांचंही नाव नव्हतं. सिडनीत हॅरी टेलफर्ड नावाचा एक ट्रेनर होता, बेताच्या ऐपतीचा, पण घोड्यांच्या वंशावळी कोळून प्यायलेला. १९२८ च्या लिलावाच्या यादीत या शिंगराचं कूळ वाचून त्याने हेरलं. स्वतःकडे पैसे नव्हते, म्हणून डेव्हिड डेव्हिस नावाच्या अमेरिकन व्यापाऱ्याला गळ घातली. १६० गिनीला सौदा झाला.

शिंगरू बोटीने सिडनीला आलं आणि डेव्हिस ते बघून संतापला. हाडं वर आलेली, चाल बेंगरूळ, तोंडावर चामखिळी. तो म्हणाला, याच्या खर्चाला मी एक पैसा देणार नाही. मग दोघांनी तोड काढली. टेलफर्डने घोडा तीन वर्षांच्या कराराने घ्यायचा, सगळा खर्च त्याने करायचा, आणि जिंकलेल्या बक्षिसातले दोन भाग टेलफर्डचे, एक भाग डेव्हिसचा. ज्याच्या खिशात काही नाही त्याच्या अंगावर सगळा खर्च. या कराराचा भार पुढे घोड्याच्या पाठीवर आला, असं मी मानतो. टेलफर्डला जिंकणं भाग होतं. त्याने घोडा वाळूच्या टेकड्यांवरून वर-खाली पळवला, अंगातला शेवटचा जोर निघेपर्यंत. आणि त्याचं लक्ष चळू नये, अंग नीट भरावं म्हणून त्याला खच्ची केलं.

ही खच्ची करण्याची गोष्ट लक्षात ठेवा. इतर मोठे घोडे मैदानातून निवृत्त झाले की स्टडवर, म्हणजे पैदाशीच्या तबेल्यात, जातात, त्यांची पिल्लं धावतात, नाव पुढे चालतं. फार लॅपचा वंश नाही. जो काही होता तो तोच. लोकांनी त्याचं कातडं, हाडं, हृदय का जपलं याचं अर्धं उत्तर मला यात दिसतं.

सुरुवात वाईट झाली. फेब्रुवारी १९२९ मध्ये रोझहिलच्या पहिल्या शर्यतीत तो शेवटचा आला. पुढच्या तीनांतही काही नाही. पाचव्या खेपेला, २७ एप्रिलला, जिंकला. आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरपासून जे सुरू झालं ते आजही वाचताना मी थांबून आकडे परत बघतो. रोझहिल गिनीज, सिडनीची डर्बी, मेलबर्नची डर्बी. शेवटच्या ४१ शर्यतींपैकी ३६ जिंकल्या. एकूण ५१ धावला, ३७ जिंकल्या. मधे सलग १४.

आता काळ बघा. १९२९ च्या ऑक्टोबरात अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला आणि ऑस्ट्रेलियाचं लोकर-गव्हाचं अर्थकारण झोपलं. १९३२ पर्यंत इथला जवळजवळ दर तिसरा कामगार बेकार होता. फुकट शिधा मिळवण्यासाठी माणसं रांगा लावत होती. अशा वेळी हे स्वस्तातलं, नाकारलेलं, चामखिळींचं शिंगरू दर शनिवारी बड्या लोकांच्या महागड्या घोड्यांना मागे टाकत होतं. पैज लावायला ज्यांच्याकडे शिलिंगही नव्हता तेसुद्धा कुंपणाबाहेर उभे राहून त्याला बघायचे. त्या म्हाताऱ्या गृहस्थांचे वडील कदाचित त्यांच्यातलेच.

आजी_मेलबर्नात

वा, किती छान सांगितलंत. खूप आभार. त्या गोळीबाराचं काय झालं? आणि जावई म्हणतो की एका शर्यतीत त्याच्या पाठीवर ६८ किलो होते. जॉकी तर लहान चणीचे असतात ना, मग ६८ किलो आले कुठून?

पहाटचा_स्वार

शिसं, काकू. जॉकीचं वजन, खोगीर धरून, ठरलेल्या आकड्यापेक्षा कमी भरलं तर खोगिराखालच्या कापडाला कप्पे असतात त्यात शिशाच्या पट्ट्या भरतात. महालक्ष्मीची इंडियन डर्बी असते तिथे घोड्यांना ठरलेलं वजन, घोडा कितीही गुणाचा असो. मेलबर्न कप तशी नाही. ती हँडिकॅप शर्यत. कोण किती चांगला आहे हे बघून अधिकारी वजन लावतात. चांगल्याला जास्त, दुबळ्याला कमी, म्हणजे कागदावर सगळे एका रेषेत यावेत. पैज रंगतदार व्हावी म्हणून ही पद्धत. घोड्याच्या बाजूने पाहिलं तर जिंकण्याची शिक्षा म्हणजे पुढच्या वेळी जास्त ओझं.

आणि अंतर ३,२०० मीटर. एवढ्या पल्ल्यात प्रत्येक किलो शेवटच्या चारशे मीटरांत कळतो. मी रोज घोड्यावर बसतो, माझं वजन थोडंसं वाढलं तरी वळणावर घोड्याचा श्वास बदललेला मला मांडीखाली जाणवतो.

१९२९ च्या कपमध्ये त्याच्या पाठीवर सत्तेचाळीस किलोंच्या आसपास होते, तिसरा आला. १९३० मध्ये लावले साडेबासष्ट. तरी तो असा फेव्हरिट होता की आठ रुपये जिंकायला अकरा रुपये लावायचे. कपच्या इतिहासात एवढ्या पडत्या भावाचा दुसरा घोडा नाही.

गोळीबार त्याच आठवड्यातला. १ नोव्हेंबर १९३०, शनिवारची सकाळ. कॉलफील्डला सराव करून घोडा परत येत होता. बरोबर टॉमी वुडकॉक, त्याचा मोतद्दार, स्वतः एका तट्टावर बसलेला. रस्त्यात एक मोटार संशयास्पद उभी दिसली. वुडकॉकने घोड्याला कुंपणाच्या बाजूला घेतलं आणि मधे स्वतः तट्टासकट उभा राहिला. मोटारीतून बार उडाला, नेम चुकला. कोण होते ते कधी सिद्ध झालं नाही.

आणि त्याच दिवशी दुपारी फार लॅप फ्लेमिंग्टनला, म्हणजे मेलबर्न कप होतो त्याच मैदानावर, धावला. जिंकला!

मग त्याला जीलाँगजवळ सेंट अल्बन्स नावाच्या स्टडवर लपवून ठेवलं. मंगळवारी कपच्या दिवशी त्याला आणायची गाडी सुरू होईना, आणि शर्यतीला तासभरही उरला नव्हता तेव्हा तो मैदानात पोहोचला. जॉकी जिम पाइक वर होता. साडेबासष्ट किलो घेऊन तीन लेंथने, म्हणजे तीन घोड्यांच्या लांबीने, जिंकला. गुरुवारी पुन्हा जिंकला. शनिवारी पुन्हा. एका आठवड्यात चार शर्यती, चारही त्याच्या. आजचा कोणताही ट्रेनर हे करणार नाही, आणि करू नये.

पुढच्या वर्षी, १९३१ मध्ये, ६८ किलो. तोपर्यंत कराराची मुदत संपली होती आणि टेलफर्ड ४,००० पौंड देऊन अर्ध्या हिश्श्याचा मालक झाला होता. त्याच्या मनात घोडा उतरवायचं नव्हतं, डेव्हिसचा आग्रह होता. घोडा आठवा आला. व्हाइट नोज नावाचा, कितीतरी कमी वजन घेतलेला घोडा जिंकला. लोक त्याला फार लॅपची हार म्हणतात. मी म्हणत नाही. ६८ किलो घेऊन दोन मैल धावून तो पाय न मोडता परत आला, माझ्या लेखी एवढं पुरे आहे.

आता वुडकॉकबद्दल थोडं, कारण पुस्तकांत जॉकी आणि मालकाची पानंच्या पानं असतात आणि मोतद्दार एका ओळीत येतो. वडिलांचं आयुष्य मी त्या एका ओळीत गेलेलं पाहिलंय. रेस जिंकल्यावर फोटोत लगाम धरलेला माणूस असतो ना, कडेला, त्याचं नाव खाली कधी छापत नाहीत. घोडा मात्र त्यालाच ओळखतो. पहाटे ठाण झाडणं, खरारा करणं, चंदी भिजवणं, पायांवरून हात फिरवून कुठे ऊब जास्त आहे का बघणं, सगळं त्याचं. पायाची नस सुजलीय हे डॉक्टरच्या आधी मोतद्दाराच्या तळहाताला कळतं.

वुडकॉक या घोड्याला 'बॉबी' म्हणायचा. घोडा उंच, सतरा हातांच्या वर (घोड्याच्या मापातला हात म्हणजे चार इंच), पण त्याच्यापाशी लाडात यायचा, त्याचे शर्ट दातांनी ओढून फाडायचा. दुसऱ्या कोणी खाऊ घातलेलं त्याला चालत नसे. गोळीच्या दिवशी हा माणूस मधे उभा राहिला ते पगारासाठी नाही.

दादरचा_जुना_रेसगोअर

व्वा, उत्तम लिहिता हो. आता अमेरिकेचं सांगा. मेक्सिकोची रेस ना ती?

पहाटचा_स्वार

हो, मेक्सिको. कॅलिफोर्नियात तेव्हा घोड्यांवरच्या पैजेला कायद्याने बंदी होती, ती १९३३ मध्ये उठली. त्यामुळे सीमेपलीकडे तिहुआनाजवळ आग्वा कालिएन्तेला मोठ्या शर्यती व्हायच्या. बक्षीस जाहीर केलं होतं एक लाख डॉलर, मंदीमुळे ते निम्म्यावर आलं. डेव्हिसला घोडा तिथे न्यायचा होता. टेलफर्डचा विरोध होता, तो गेलाच नाही. घोड्याची सगळी जबाबदारी वुडकॉकवर आली. मोतद्दाराचा ट्रेनर झाला. वय जेमतेम सव्वीस-सत्तावीस.

न्यूझीलंडमार्गे बोटीने सॅन फ्रान्सिस्को, तिथून रस्त्याने शेकडो मैल दक्षिणेला. घोडा आयुष्यभर हिरवळीवर धावलेला, इथे मातीचा ट्रॅक. त्यात सरावात खुराला इजा झाली. हिरवळीवरचा घोडा मातीवर आणला की समोरच्या घोड्यांच्या टापांनी उडालेली ढेकळं तोंडावर बसतात. कित्येक घोडे तिथेच मन सोडतात. जॉकी बिली एलियट वर होता. २० मार्च १९३२. फार लॅपने बाहेरच्या बाजूने येऊन सगळ्यांना मागे टाकलं आणि ट्रॅकचा विक्रम मोडून जिंकला. पाठीवर साडेअठ्ठावन्न किलो.

तिथून त्याला विश्रांतीसाठी सॅन फ्रान्सिस्कोजवळ मेन्लो पार्कला एका रँचवर नेलं. ५ एप्रिलच्या पहाटे वुडकॉकला तो वेदनेने तळमळताना दिसला, अंगात ताप. दुपारपर्यंत गेला. रेस जिंकून जेमतेम सोळा दिवस झाले होते. पाच वर्षांचा घोडा.

पशुवैद्य_परभणीवाला

धागा वाचतोय. वैद्यकीय बाजू थोडी मांडतो.

शवविच्छेदनात जठर आणि आतड्यांना भयंकर सूज दिसली. एक मूलभूत गोष्ट लोकांना ठाऊक नसते: घोड्याला उलटी होत नाही. जठराच्या तोंडाची झडप इतकी घट्ट असते की आत गेलेलं पुन्हा वर येत नाही. त्यामुळे विषारी चारा असो, कुजलेला असो, भिजून आंबलेला असो, शरीराला तो बाहेर टाकता येत नाही. माणूस ओकून वाचला असता अशा प्रसंगी घोडा दगावतो.

तेव्हा तीन-चार तर्क होते. जवळच्या झाडांवर शिसे-सोमलाची (सोमल म्हणजे आर्सेनिक) फवारणी झाली होती, तो चारा त्याने खाल्ला. ओला चारा खाऊन पोट फुगलं. गुंड. आणि टॉनिक. २००० साली काही तज्ज्ञांनी जुने अहवाल तपासून म्हटलं की हा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचा तीव्र जंतुसंसर्ग असावा. लांबचा प्रवास, बदललेला चारा, ताण, यात तसं घडू शकतं.

मग आले केस. कातडं टिकवण्यासाठी पूर्वी सोमल वापरायचे, त्यामुळे नुसता सोमल सापडला तर काहीच सिद्ध होत नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी आयाळीचे सहा केस शिकागोजवळच्या आर्गोन प्रयोगशाळेत सिंक्रोट्रॉन नावाच्या यंत्राच्या अतिशय तीव्र क्ष-किरणांखाली तपासले. पोटात गेलेला सोमल रक्तातून केसाच्या मुळाशी वेगळ्या तऱ्हेने बसतो, बाहेरून लावलेला वेगळा. २००८ मध्ये त्यांनी निष्कर्ष सांगितला: मृत्यूच्या साधारण ३० ते ४० तास आधी एकदाच मोठी मात्रा पोटात गेली होती.

माझं मत विचाराल तर केसांचा पुरावा मला वजनदार वाटतो. पण लक्षात घ्या, सोमल पोटात गेला एवढंच केस सांगतात. कोणी दिला आणि कशासाठी, हे त्यांना सांगता येत नाही.

दादरचा_जुना_रेसगोअर

म्हणजे विषच! मी तेच म्हणत होतो. गुंडांनी डाव साधला.

पहाटचा_स्वार

काका, तुमचा मान राखून सांगतो, इथे मी तुमच्याशी सहमत नाही. डॉक्टरसाहेबांनी 'टॉनिक' हा शब्द लिहून सोडून दिला, पण सगळं तिथेच आहे.

त्या काळी सोमल हे औषध होतं. जगभरच्या तबेल्यांत थेंबाथेंबाने द्यायचे. भूक वाढते, अंगावर चकाकी येते, घोडा तरतरीत दिसतो म्हणून. टेलफर्डची हाताने लिहिलेली वही २००८ मध्ये मेलबर्नच्या म्युझियमने लिलावात घेतली. त्यात टॉनिकच्या कृती आहेत. सोमल, कुचल्याचं सत्त्व, कोकेन, कॅफीन. हे कोणा गुन्हेगाराचं टिपण नाही. त्या वेळचे चांगले ट्रेनरही असंच देत असत.

गुंडांना हे करायला एका अनोळखी रँचवर, वुडकॉकची नजर चुकवून, परक्याच्या हातचं न खाणाऱ्या घोड्याच्या तोंडात विष घालावं लागलं असतं. आणि कारण काय? रेस होऊन गेली होती. पुढच्या शर्यती अजून ठरायच्या होत्या. मला त्यापेक्षा हे शक्य वाटतं की घरच्याच कोणाच्या हातून औषध जास्त पडलं. बाटली बदलली असेल, माप चुकलं असेल, अमेरिकेत मिळालेलं औषध जास्त कडक निघालं असेल.

हे लिहिणं मला जड जातंय, कारण औषध शेवटी जातं कोणाच्या हातून? चंदीत कालवतो तो मोतद्दार. म्हणून कित्येक जण वुडकॉककडे बोट दाखवतात. मी दाखवणार नाही. औषध कोणतं, किती, कशात घालायचं हे मोतद्दार ठरवत नाही, त्याला तसं सांगितलेलं असतं. आमच्या घरी वडील औषधाची बाटली कुलपात ठेवायचे आणि माप दोनदा मोजून पाहायचे, कोणी हसलं तरी. आज कुठल्याही धड तबेल्यात औषधाची नोंद होते, वेळ आणि सही टाकून, आणि शर्यतीनंतर घोड्याचं लघवी-रक्त तपासायला जातं. १९३२ मध्ये यातलं काहीही नव्हतं. माणसाचा अंदाज, तेवढ्यावर सगळं चालायचं. दोष द्यायचा तर मी त्या पद्धतीला देईन.

आजी_मेलबर्नात

तुमचं लिहिणं वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. त्या वुडकॉकचं पुढे काय झालं?

पहाटचा_स्वार

काकू, तो घोड्यांतच राहिला. ऑस्ट्रेलियाला परतून ट्रेनर झाला, मोठ्या पैशांचा नव्हे, मोजक्या घोड्यांचा. म्हातारपणी त्याच्याकडे रेकलेस नावाचा घोडा आला. बरीच वर्षं हा घोडा एकही शर्यत जिंकला नव्हता. वुडकॉकने त्याला दमाने, घाई न करता तयार केलं. १९७७ मध्ये रेकलेसने सिडनी, अॅडलेड आणि ब्रिस्बेन कप एकाच वर्षी जिंकले. त्याच वर्षी मेलबर्न कपला दुसरा आला. वुडकॉक तेव्हा सत्तरी ओलांडलेला. मैदान जिंकणाऱ्याच्या बरोबरीने त्याच्यासाठी ओरडत होतं. हा पूर्ण ताकदीचा वळू घोडा, खच्ची न केलेला, आणि वुडकॉक त्याच्या पाठीवर शेजारपाजारची लहान मुलं बसवायचा. आमच्या धंद्यातल्या माणसाला विचारा, याचा अर्थ काय. असा घोडा मुलांना पाठीवर घेतो तो फक्त रोज हात फिरवणाऱ्यावरच्या विश्वासाने. १९८५ मध्ये वुडकॉक गेला.

पशुवैद्य_परभणीवाला

हृदयाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून भर घालतो. ते कॅनबेराच्या राष्ट्रीय म्युझियममध्ये आहे. वजन ६.२ किलो, साधारण घोड्याचं ३.२ किलो, असा तिथला आकडा. उभा असलेल्या घोड्याचे ठोके मिनिटाला तीस-चाळीस असतात, शर्यतीत ते दोनशेच्या वर जातात. दर ठोक्याला जास्त रक्त ढकलणारं हृदय असेल तर त्याच धावेत स्नायूंना जास्त प्राणवायू मिळतो. दोन मैलांच्या शर्यतीत, पाठीवर शिसं असताना, हा फरक फार मोठा. नुसत्या हृदयाने घोडा जिंकत नाही, पाय आणि फुप्फुसं लागतातच, पण साडेबासष्ट किलोंचं कोडं त्याने बरंच सुटतं.

आजी_मेलबर्नात

जावई म्हणतो डिसेंबरात कॅनबेराला जाऊ. हृदय बघण्यासारखं आहे का? नातू आठ वर्षांचा आहे, घाबरेल का? आणि त्याच्या प्रश्नाचं मी काय उत्तर देऊ ते सांगा, तो रोज विचारतो.

पहाटचा_स्वार

घाबरणार नाही. काचेत ठेवलेलं आहे, रंग फिका पडलेला, आणि तपासणीत कापल्याच्या खुणा दिसतात, हे आधी सांगून ठेवा. त्या म्युझियममध्ये लोक सगळ्यात जास्त याचीच चौकशी करतात. सांगाडा न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनच्या 'ते पापा' म्युझियमकडे आहे. २०१० मध्ये मेलबर्न कपची दीडशेवी शर्यत होती तेव्हा तो सांगाडा इथे आणून कातड्याशेजारी ठेवला होता.

नातवाला खरं तेच सांगा. मारण्यासाठी कोणी मारलं असं सिद्ध झालेलं नाही. त्याच्या पोटात सोमल गेला होता, बहुतेक औषध म्हणून दिलेला, आणि घोड्याला ओकता येत नाही. मुलांना एवढं कळतं. जमलं तर त्याला परत एकदा मेलबर्नच्या घोड्यापाशी घेऊन जा आणि या खेपेला बाजूने उभं करा. समोरून नुसती उंची दिसते. बाजूने खांद्यापासून कमरेपर्यंतची लांबी आणि मागच्या मांड्यांची रुंदी दिसते, आणि एवढं ओझं घेऊन ती कपची शर्यत त्याने कशी ओढली ते कळतं. कॅनबेराला जायच्या आधी म्युझियमला फोन करून हृदय त्या दिवशी मांडलेलं आहे ना ते विचारून घ्या. ते फार नाजूक आहे, प्रवास सोसत नाही, म्हणून दुसरीकडे कुठे बघायला मिळणार नाही.